तोंडी प्रश्नाला उत्तर नाही

तिचा डावा कान गेला तेव्हा ती चव्वेचाळीस वर्षांची होती, आणि शाळेत ही गोष्ट एकाच माणसाला ठाऊक होती.

ती आठवी ते दहावीला भूमिती शिकवायची. ताठ चालायची, फळ्यावर पट्टी न लावता सरळ रेघ ओढायची, म्हणून पोरं तिला पाठीमागे काटकोन म्हणत. ज्यांना ठाऊक होतं त्या भाषा शिकवणाऱ्या बाई, तिच्याहून सहा वर्षांनी मोठ्या. त्यांचं नाव पोरांनी स्वल्पविराम ठेवलं होतं. वाचताना कुणी स्वल्पविरामाला न थांबता पुढे पळालं की त्या हात वर करून सगळा वर्ग थांबवत. ती मात्र त्यांना ताई म्हणायची. नोकरीच्या पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये बसायला जागा नव्हती, तेव्हा ताईंनी आपल्या वह्या एका बाजूला सारून अर्धं टेबल मोकळं करून दिलं होतं. वीस वर्षं दोघी त्याच टेबलावर होत्या.

डॉक्टर म्हणाले होते, "नस वाळत चाललीय. उजव्या कानालाही हळूहळू कमी ऐकू येत जाईल. यंत्र लावा, पुष्कळ फरक पडेल." नवरा पुस्तकबांधणीच्या कारखान्यात होता, मशीनच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे त्याला कानाची किंमत कळत होती. त्याने आठवड्यात यंत्र आणलं. तिने दोन दिवस घरात लावलं, भांड्यांचा आवाज डोक्यात घुसतो म्हणाली, आणि कपाटात ठेवून दिलं.

भांडी हे खरं कारण नव्हतं. शाळेत चित्रकलेचे एक सर होते. त्यांच्या एका डोळ्याची दृष्टी गेली तेव्हा त्यांना कुणी काढलं नाही, फक्त वर्ग दिला नाही. खडू आणि डस्टर ठेवायच्या खोलीत त्यांना एक खुर्ची मिळाली. वर्षभर ते तिथे बसून पोरांना खडू देत होते, आणि मग एक दिवस आपणहून यायचे थांबले. तिने ती खुर्ची रोज पाहिली होती.

म्हणून ताई तिचे कान झाल्या. त्या नेहमी तिच्या उजव्या हाताला बसत. मीटिंगमध्ये वहीच्या समासात पेन्सिलीने बारीक लिहीत : 'हेडसर विचारतायत, सहामाहीचे पेपर कधी.' मागून कुणी हाक मारली की ताईंचं कोपर तिला लागायचं. वर्गात ती ओठ वाचायची, शंका असेल त्याला फळ्याजवळ बोलवायची. "मोठ्यानं बोल, घशात काय अडकलंय?" हे तिचं ठरलेलं वाक्य होतं. पोरांना वाटे, बाई कडक आहेत.

अशी तीन वर्षं गेली, आणि मग शाळांना कुलपं लागली. वर्ग घराघरांतल्या पडद्यांवर भरू लागले. बाकीच्या शिक्षकांची त्रेधा उडाली. विज्ञानाच्या सरांचं महिनाभर फक्त कपाळच दिसत होतं. ताईंनी मुकाट्याने सगळं शिकून घेतलं, पण फोनवर एकदा नव्हे दहादा म्हणाल्या, "मी काळ्या चौकोनांना कविता शिकवतेय गं. एकाही चौकोनाला हसू येत नाही."

तिच्यासाठी मात्र ते वर्ष वेगळंच निघालं. कानांवर हेडफोन, आवाज पूर्ण मोठा. त्यातूनही सुटलं तर पोरं काय बोलतात ते पडद्याच्या खालच्या कडेला आपोआप उमटायचं. ते उमटवणारं ॲप वेड्यासारखं ऐकायचं. 'त्रिकोण'चं 'तरी कोण' करायचं, 'कर्ण' म्हटलं की 'कारण' लिहायचं. त्याच्यावर ती स्वयंपाकघरात एकटी हसायची. आणि पोरं प्रश्न लिहून पाठवत. एकेक प्रश्न स्वच्छ, समोर, पुन्हा वाचता येणारा. 'काय म्हणालास?' असं तिला सहा महिन्यांत एकदाही विचारावं लागलं नाही. निकाल लागला तेव्हा शाळेत भूमितीचा सगळ्यांत वर होता.

शाळा पुन्हा उघडली तेव्हा हेडसरांनी तिला ऑनलाइन अध्यापनाची प्रमुख केलं. प्रत्येक वर्गात मोठा पडदा आला, प्रत्येक पोराच्या हातात टॅब. दप्तरं लागेनाशी झाली, ती बाहेर व्हरांड्यातल्या फडताळात राहू लागली. पहिल्याच दिवशी तिने आपल्या वर्गाला नियम सांगितला.

"शंका असेल तर लिहायची. ती माझ्या टॅबवर येईल. बाहेर जायचं असेल तर त्याचं बटण आहे, ते दाबायचं, मी हो म्हणेपर्यंत जागेवरून उठायचं नाही. तोंडी प्रश्नाला उत्तर नाही."

कुणी विचारलं तर ती सांगायची, लाजरी पोरंही यामुळे विचारतात. ते खोटं नव्हतं. तोतरं बोलणाऱ्या एका पोराने पहिल्या महिन्यात अकरा शंका विचारल्या होत्या. आधीच्या दोन वर्षांत त्याने तोंड उघडलं नव्हतं. ती हे इतक्या वेळा सांगायची की तिला स्वतःलाच वाटू लागलं, आपण नियम केला तो त्याच्याचसाठी.

पहिले काही दिवस पोरं विसरून "बाई" म्हणून हाक मारत. ती वळायची नाही. काही वेळा तिला ऐकूच आलेलं नसायचं, काही वेळा पुसट आलेलं असायचं, पण ती दोन्ही वेळा सारखीच वागायची. महिनाभरात पोरांना सवय झाली. चाळीस पोरं आणि बोटांची टकटक. वरिष्ठ कार्यालयाचे लोक वर्ग बघून गेले. हेडसर दारात उभे राहून म्हणाले, "इतका शांत वर्ग मी नोकरीत पाहिला नाही." पुढच्या सत्रात तो नियम सगळ्या शाळेला लागला.

सगळ्या शाळेला, म्हणजे ताईंचा वर्ग सोडून.

ताई टॅब वापरत. शब्दकोश बघायला, निबंध तपासायला. पण तासाचा अर्धा वेळ त्या पडदा बंद करून पोरांना मोठ्याने वाचायला लावत. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "पोरगं कुठं अडखळतं ते मला ऐकायचं असतं. लिहिलेल्यात अडखळणं दिसत नाही. घरी काय चाललंय तेसुद्धा वाचण्यातून कळतं कधी कधी." हेडसरांनी दोनदा समज दिली. तिसऱ्या वेळी ताईंनी त्यांना लेखी सूचनाच दिली : रोजचे दोन तास, सगळ्या विषयांचे, पडद्याविना घ्यावेत. पोरांनी तोंडी विचारावं, शिक्षकांनी तोंडी सांगावं.

सगळ्या विषयांचे. प्रमुख म्हणून तो कागद तिच्याकडे आला, तेव्हा हे शब्द तिने दोनदा वाचले. मधल्या सुट्टीत स्टाफरूम रिकामी होती. तिने डबा उघडलाही नाही.

"ताई, भूमितीला हे जमणार नाही."

"का नाही? वीस वर्षं जमत होतं."

"तुम्हाला ठाऊक आहे का नाही ते."

ताईंनी घास खाली ठेवला. तिच्याकडे तोंड करून, ओठ नीट दिसतील असं बोलल्या. "ठाऊक आहे. म्हणूनच सांगते. कपाटातलं यंत्र काढ आणि लाव. हेडसरांना सांगून टाक. मी येते बरोबर."

"आणि खडूच्या खोलीत बसू?"

"कदाचित. पण तुझ्यापायी चाळीस पोरांनी मुकं व्हायचं का गं?"

हे वाक्य तिला पूर्ण ऐकू आलं. ती उठली आणि वर्गाची वेळ व्हायच्या आधीच वर्गात जाऊन बसली. त्या दिवसापासून ती समोरच्या खुर्चीवर बसू लागली, ताईंच्या शेजारी नाही.

पंधरा दिवसांनी वरून एक पाहणी आली. शिक्षकांचा ऑनलाइन साधनांकडे बघण्याचा दृष्टिकोन. प्रत्येकाने पंचवीस विधानांपुढे सहमत, असहमत अशा खुणा करायच्या आणि प्रमुखाने प्रत्येकाबद्दल चार ओळींचा शेरा लिहायचा. हेडसरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. ते मोठ्याने, सावकाश बोलत, म्हणून त्यांच्याशी बोलणं तिला सोपं जाई.

"पुढच्या वर्षी दोन पदं कमी होणार आहेत," ते म्हणाले. "कोणाची, ते मी ठरवत नाही. हे कागद ठरवतील. तुम्ही फक्त खरं लिहा."

ताईंबद्दल काय लिहिता आलं असतं ते तिला चांगलं ठाऊक होतं. 'साधनं वापरतात. वाचनासाठी वेगळी पद्धत आवश्यक वाटते.' हेही खरंच होतं. तिने ते टाइप केलंसुद्धा. मग तिला तो दोन तासांचा कागद आठवला, पडदा बंद असलेला आपला वर्ग आठवला, चाळीस तोंडं एकाच वेळी हलताना दिसली. तिने ओळी पुसल्या आणि लिहिलं : 'दृष्टिकोन नकारात्मक. बदलाची तयारी नाही. सहकाऱ्यांवर विपरीत परिणाम होतो.' खाली पाठवा असं बटण होतं. ते दाबून ती नववीच्या तासाला गेली.

ताईंना सत्र संपायच्या आत कार्यालयाच्या जुन्या कागदपत्रांच्या विभागात पाठवलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला, जिथे एकही पोर नव्हतं. शेरा वाचल्याची सही हेडसरांनी त्यांच्याकडून घेतली, म्हणजे तो कुणी लिहिला हे त्यांना कळलं होतं. शेवटच्या दिवशी ताई टेबलाचा खण रिकामा करत होत्या तेव्हा ती वह्या तपासत बसली होती, मान खाली. ताई पिशवी उचलून निघाल्या, तिच्या डाव्या बाजूला क्षणभर थांबल्या. कान गेल्यापासून पहिल्यांदा त्या बाजूला. काहीतरी बोलल्या. तिने वर पाहिलं तोवर ताईंची पाठ दिसत होती. ती उगीच मान हलवून पुन्हा वहीकडे बघू लागली.

ताई गेल्यावर शाळा कठीण झाली. मीटिंगमध्ये ती सगळे हसले की हसायची. पण वर्गात पडदा होता, टॅब होता, नियम होता. वर्गात ती सुरक्षित होती.

थंडी संपत आली होती त्या आठवड्यात आठवीला त्रिकोणाचं अंतर्वर्तुळ शिकवायचं होतं. काही आकृत्या पडद्यावर नीट समजत नाहीत असं तिचं मत होतं. त्या ती फळ्यावर लाकडी कंपासने काढायची. टॅब मागे टेबलावर ठेवून ती फळ्याकडे तोंड करून उभी राहिली. तिन्ही कोन दुभागायचे होते, कंपासचा खडू घसरत होता, तिला घाई नव्हती.

खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर एक मुलगी होती, दमा असलेली. तिचा पंप दप्तरात होता आणि दप्तर बाहेर व्हरांड्यात. पुढे काय झालं ते मिनिटामिनिटाने नोंदलेलं आहे, कारण ॲपने आपलं काम चोख केलं होतं. अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी मुलीने 'बाहेर जाऊ का' दाबलं. त्याच मिनिटात पुन्हा दाबलं. त्रेचाळीसला आणखी एकदा. चव्वेचाळीसला शेजारणीने लिहिलं, 'बाई तिला बरं वाटत नाहीये.' मग, 'बाई बघा ना.' मागच्या बाकावरून, 'बाई ती निळी पडतेय.' असे सात निरोप टेबलावरच्या टॅबवर एकाखाली एक येऊन थांबले. ती दुसरा कोन दुभागत होती.

पोरांनी हाकाही मारल्या. आधी हळू, मग मोठ्याने. ती वळली नाही, आणि पोरांना वाटलं बाई रागावल्या, कारण तोंडी हाकेला बाई कधीच वळत नसत. म्हणून त्यांनी पुन्हा लिहिलं. पुढे चौकशीत एका मुलीने हे जसंच्या तसं सांगितलं. "बाईंना बोललेलं चालत नाही, म्हणून आम्ही लिहीत होतो."

अकरा सेहेचाळीसला मुलगी बाकावरून खाली पडली. त्याचा हादरा जमिनीतून तिच्या पायांना कळला. ती वळली. सगळी पोरं उभी होती, सगळ्यांची तोंडं हलत होती.

त्यानंतर तिने जे करायचं ते सगळं केलं. धावली, दप्तरांचं फडताळ उपसलं, पंप सापडला, मुलीला मांडीवर घेऊन तोंडात धरला. विज्ञानाचे सर आवाज ऐकून आले, त्यांनी गाडी काढली. मुलगी वाचली. एकोणीस दिवस दवाखान्यात होती. पण मेंदूला प्राणवायू कमी पडला होता. उजव्या हातात जोर राहिला नाही, आणि बोलताना शब्द सापडायला फार वेळ लागू लागला.

चौकशी हेडसरांच्या केबिनमध्ये झाली. कार्यालयाचे तिघे टेबलापलीकडे होते आणि मुलीचे वडील भिंतीजवळच्या खुर्चीवर. ते बस चालवत, ड्यूटी संपवून तसेच आले होते, खाकी शर्टावर. सगळ्यांचे जबाब वाचून झाल्यावर त्यांनी काहीतरी विचारलं. आवाज खाली होता आणि हात तोंडावर.

"पुन्हा सांगाल का?" ती म्हणाली.

त्यांनी पुन्हा विचारलं. डोळे पुसत होते, त्यामुळे हात तोंडावरून हलला नाही.

"माफ करा. पुन्हा एकदा."

टेबलापलीकडच्या बाईंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. खोलीतल्या सगळ्यांनी पाहिलं. वडिलांनी हात खाली घेतला आणि तिसऱ्यांदा विचारलं, आता तिला ओठ दिसत होते. "मी विचारतोय, पोरं ओरडत होती, तुम्ही मागं का नाही वळलात?"

"मला ऐकू येत नाही," ती म्हणाली. "पाच वर्षं झाली."

वडील म्हणाले, "आणि पोरांना तुम्ही सांगितलं, बोलू नका."

"हो."

हेडसर लगेच म्हणाले की त्यांना याची कधीच कल्पना देण्यात आली नव्हती. त्यांनी ते लेखीही दिलं.

दुसऱ्या बैठकीला ताईंना बोलावलं होतं. त्यांना नुसतं 'ठाऊक नव्हतं' म्हणता आलं असतं. त्या घटनेच्या वेळी शाळेतही नव्हत्या. पण त्या उभ्या राहून बोलल्या, वाचून दाखवतात तशा, प्रत्येक विरामाला थांबत.

"मला ठाऊक होतं, पहिल्या दिवसापासून. मी तिला सांभाळून घेतलं, म्हणून तिनं यंत्र लावलं नाही. मी त्याच वेळी बोलायला हवं होतं, बोलले नाही. आणि सर, तुम्हाला शांत वर्ग आवडला. शांत का आहे, ते तुम्ही विचारलं नाही."

शेवटची दोन वाक्यं अहवालात आली नाहीत. पहिली तीन आली, आणि माहिती दडवल्याबद्दल ताईंची नोकरी दोन वर्षं आधीच संपवण्यात आली. तिला तर काढून टाकलंच.

बैठकीनंतर ती जिन्यात ताईंना गाठायला धावली. "ताई, तो शेरा मी..."

"वाचलाय मी. खाली सही आहे माझी."

"तरी तुम्ही माझ्यासाठी..."

"तुझ्यासाठी नाही बोलले मी," ताई तिच्याकडे नीट तोंड करून म्हणाल्या, एक शब्दही सुटू नये अशा. "खरं होतं म्हणून बोलले. आता तू मला फोन करू नकोस." आणि कठड्याला धरून सावकाश खाली उतरल्या.

ती मुलीच्या घरी दोनदा गेली. पहिल्यांदा आईने दार उघडलं, नाव ऐकलं आणि लावून घेतलं. दुसऱ्यांदा वडील बाहेर आले. शिव्या दिल्या नाहीत. म्हणाले, "ती शिकतेय बोलायला. तुम्हाला बघून तिचा श्वास वाढतो. येऊ नका." ती परत फिरली.

यंत्र ती आता रोज लावते. उन्हाळ्यात राहिलेली कागदपत्रं द्यायला तिला शाळेत जावं लागलं, तेव्हाही कानांत होतं. व्हरांड्यातून जाताना फडताळात दप्तरं रचलेली होती. आठवीचा तास चालू होता, नव्या शिक्षिका टेबलाजवळ टॅबकडे बघत बसल्या होत्या. तिला पंख्याची घरघर ऐकू आली, रस्त्यावरच्या गाड्या ऐकू आल्या, कुठेतरी नळ टपकत होता तोही. वर्गातून मात्र बोटांच्या टकटकीखेरीज काहीच येत नव्हतं. नियम तसाच होता. चूक तिची ठरली होती, नियमाची नाही. वर्ग शांत राहत होते आणि वर कार्यालयाला ते पसंत होतं.

घरी येऊन तिने हेडसरांना पत्र लिहिलं. नियम का केला होता ते सगळं लिहिलं, काही न लपवता, आणि शेवटी विनंती केली की पोरांना बोलू द्या. नवऱ्याने वाचून एक शुद्धलेखनाची चूक दाखवली, ती तिने दुरुस्त केली.

तीन आठवड्यांनी एका ओळीचं उत्तर आलं : आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे. तिने दुसरं पत्र लिहायला घेतलं, या वेळी वरच्या कार्यालयाला. त्याला उत्तर आलं नाही. तिसरं तिने अजून पाठवलेलं नाही.